सातचं ताट

संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या इमारतीचा जिना कधीतरी चढून बघा. तळमजल्यावर हिंगाची खमंग फोडणी, पहिल्या मजल्यावर खोबरेल तेलात तडतडणारा कढीपत्ता, दुसऱ्यावर कुणाच्या तरी तव्यावर चुरचुरणारे बोंबील, आणि तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दाराशी येईतो, ह्या साऱ्या गंधांचा असा काही गोपाळकाला झालेला असतो की पोट भरलेल्या माणसालाही पुन्हा पाटावर बसावंसं वाटावं! आणि त्या अन्नगंधाच्या ऐन मध्यावर बसून मी काय खात असायची? नाचणीची एक भाकरी, दुधीची भाजी आणि मुठीएवढी कोशिंबीर. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून, एकटी. ह्या शतकाची पहिलीवहिली वर्षं होती ती, आणि आपल्याच घरात आपलंच अन्न चोरून खाल्ल्यासारखं मला रोज वाटत असे.

लालबागची एक खोली सोडून आम्ही मीरा रोडला, पूनम सागरमध्ये, दोन खोल्यांत राहायला आलो तेव्हा मी चवळीची शेंग होते. काही वर्षांत त्या शेंगेचा भोपळा झाला. नातेवाईक म्हणत, हिला खाडीचं हवामान मानवलं हो! कसलं डोंबलाचं हवामान! मानवलं होतं ते घरातलं उरलेलं अन्न. आमच्या वैदेहीला ताटात अर्धी पोळी टाकायची खोड, तिच्या वडिलांना वाटीत चार घास ठेवून उठायची खोड, आणि सासूबाईंचा दंडक असा की अन्न टाकायचं नाही. टाकायचं नाही म्हणजे मग ते संपवायचं कुणी, हे काय वेगळं सांगावं लागतं? सगळ्यांची जेवणं झाली की ओट्याशी उभी राहून मी ती अर्धी पोळी, तो गार भात, पातेल्याच्या तळाची साय, सणावाराला राहिलेलं श्रीखंड, सगळं पोटात ढकलत असे. भूक असो वा नसो. गृहिणीच्या उदराला सीमा नसते असा ह्या संसाराचा काही अलिखित सिद्धांतच असावा! लोक जिला चरबी म्हणत होते ना, ते चार माणसांच्या घराचं वर्षानुवर्षं साठलेलं खरकटं होतं. ते मी अंगावर वागवत शाळेत जायची आणि मुलांना मराठी शिकवायची.

मग एका तपासणीत रक्तात साखर दिसली. अजून काठावर आहात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला माझी आई आठवली. साखरेने तिचा उजवा पाय गेला. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा. अंगणातल्या तुळशीपाशी जायला तिला माणूस लागायचं, आणि माणूस यायला उशीर झाला की ती उंबऱ्याशी बसून राहायची, हाक न मारता. मला ते उंबऱ्याशी बसणं नको होतं. बास, एवढंच! सुंदर दिसण्याची हौस केव्हाच विरून गेली होती. मला माझे दोन पाय हवे होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, भात कमी करा, गोड बंद करा, रोज चाला. हे सारं जमण्यासारखं होतं. पण पुढे त्या म्हणाल्या, उरलंसुरलं खाऊ नका आणि रात्रीचं जेवण साताच्या आत घ्या. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ह्या दोन वाक्यांनी माझ्या घराच्या पायालाच हात घातलाय, हे त्या बाईला कुठून कळणार?

कारण आमचे हे ऑफिसातून यायचे साडेनऊला. नवरा घरी यायच्या आत बायकोने जेवून घ्यायचं? सासूबाईंनी हे ऐकलं आणि हातातली जपमाळ खाली ठेवली. 'आमच्यात अशी पद्धत नाही गं बाई,' एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र फोनवर नणंदेला सांगताना त्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता, की आमच्याकडे आता खानावळ झालीय, ज्याने त्याने यावं आणि गिळावं. हे स्वतः रागावले नाहीत. त्यांनी विनोद केला. म्हणाले, 'साताला जेवायला तू काय सरकारी हॉस्पिटलात ॲडमिट आहेस?' वैदेही हसली, सासूबाई हसल्या, आणि सगळे हसतायत म्हणून मीही हसले. त्यानंतर रोज साडेनऊला मी त्यांच्यासमोर रिकाम्या हाताने बसायची, वाढायची, आणि ते माझ्याकडे न बघता जेवायचे. चार शब्द टाकून बोलले असते तर भांडता तरी आलं असतं! अबोल्याशी कुणी कसं भांडायचं, सांगा बरं?

पहाटे मी चालायला जात असे, वस्ती संपून मिठागरं सुरू होतात तिकडे. त्या वेळी तिथलं उथळ पाणी निश्चल असे. त्यात उजाडणारं आभाळ उतरलेलं, बांधावर मिठाचे शुभ्र ढीग, आणि एखादा बगळा आपल्याच पायांकडे बघत उभा. देहाला भार नसतो, भार असतो तो दुसऱ्यांच्या अपेक्षांचा, असं काहीबाही उदात्त मला तिथे सुचायचं. पण परतीच्या वाटेवर ते पार उतरायचं. राई गावाहून टोपलीत वांगी-भेंडी घेऊन येणारी बाय मला बघून म्हणायची, 'काय गो, आजारी हाय का? का नवरा खायाला देत न्हाय?' आणि आपल्याच विनोदावर पोट धरून हसायची. तिचं हसू परवडलं, कारण त्यात निदान लपवाछपवी नव्हती. समोरच्या दारातल्या रमीलाबेन तर हलक्या आवाजात विचारायच्या, 'भाभी, घर में सब ठीक है ना? कुछ टेन्शन हो तो बोलो.' वर ताटलीभर सुखडी. तुपात न्हालेली ती सुखडी मी हसून घेत असे आणि वैदेहीला देत असे. आपल्याकडे बाईच्या अंगावरचं मांस हे तिच्या नवऱ्याचं प्रशस्तिपत्र असतं. ते उतरू लागलं की लोकांना सासुरवास दिसतो, सवत दिसते, दुर्धर रोग दिसतो. ही बाई आपणहून स्वतःचं काही भलं करत असेल, अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये ना!

गणपतीत गावी गेलो तेव्हा तर कहर झाला. दुसरा मोदक मी नको म्हटला. जावेने तो तसाच हातात धरून साऱ्या माजघराला विचारलं, की देवाच्या प्रसादाला नाही म्हणणारी ही कुठली शहाणी? ह्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. वाटलं, एवढं एक वाक्य बोलतील, की तिला डॉक्टरांनी सांगितलंय. ते नारळ सोलत होते, सोलतच राहिले. मी मोदक खाल्ला.

इकडे घरातलं उरलेलं अन्न माझ्यावाचून पोरकं झालं. फ्रिजमध्ये डब्या साचू लागल्या. काही कामवालीला, काही कावळ्यांना, काही बादलीत. सासूबाई रोज सकाळी त्या डब्या उघडून बघत आणि सुस्कारा टाकत. वैदेहीने एकदा अगदी निरागसपणे विचारलं, 'आई, मग आता माझ्या ताटातलं कोण खाणार?' मी ती अर्धी पोळी उचलून डबीत ठेवली. पोळी कमी वाढून घ्यावी, हे नववीतल्या मुलीला सुचू नये, इतकं मी आणि सासूबाईंनी मिळून तिला आईचं पोट गृहीत धरायला शिकवलं होतं.

तरी मी नेटाने चालले, नेटाने जेवले. वर्षभरात सगळे ब्लाउज आत घ्यावे लागले आणि साखर उतरली. ज्या संध्याकाळी रिपोर्ट घेऊन आले, त्या संध्याकाळी टीव्हीवर वनडे चालली होती आणि सुट्टी म्हणून हे घरी होते. मी सांगितलं. 'अरे वा, बरं झालं,' असं हे पडद्याकडे बघत म्हणाले, आणि मग म्हणाले, चहा टाकतेस का? आता मी तरी काय, आरती ओवाळून घ्यायला का उभी होते? पण चहा उकळताना डोळ्यांत पाणी आलं, हेही खरं.

आणि पुढच्या वर्षी ह्यांना साखर निघाली.

त्या दिवशी सासूबाई देवापुढे निरांजन लावून रडल्या. मग पदराने डोळे पुसून बाहेर आल्या आणि एखादा मुहूर्त काढावा तशा निश्चयाने म्हणाल्या, 'उद्यापासून घरात सगळ्यांनी साताच्या आत जेवायचं. त्याला एकट्याला बसवायचं नाही हां. एकट्याने जेवताना घास उतरतो का माणसाच्या घशाखाली?' मी ओट्याशी उभी होते, हात पिठात होते. त्या स्टुलावर बसून गिळलेला माझा एकेक घास त्या क्षणी परत घशाशी आला. इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. पण नवऱ्याच्या आजारपणात कुणी संतापतं का? म्हणून मी पीठ मळत राहिले.

आणि चमत्कार बघा! जे ऑफिस कधी वेळेवर सुटत नव्हतं, ते सुटू लागलं. म्हणजे सुटत होतं ते कायमच साडेपाचला. पुढे ऑफिसच्या क्लबात कॅरम चालायचा, हे मलाही ठाऊक होतं. कॅरम बंद झाला, हे पावणेसातला दारात दिसू लागले. टीव्हीचा आवाज खाली आला. वैदेहीने चॉकलेट सोडलं, म्हणे पप्पांसाठी. माझ्या ज्या दुधीला घरात कुणी विचारत नव्हतं, तो आता औषधी ठरला. महिन्या-दोन महिन्यांत ह्यांचा पट्टा एक भोक आत गेला तर रमीलाबेन टाळी वाजवून म्हणाल्या, 'भाईसाब का कंट्रोल देखो!' नणंद फोनवर गहिवरली. जावेने गावाहून नाचणीचं पीठ पाठवलं आणि वर निरोप, की भाऊजींच्या मनाची कमाल आहे बाई. मनोनिग्रह, संयम, तपश्चर्या! मराठीतले हे सगळे भारदस्त शब्द मी वर्गात फळ्यावर लिहिले होते. ते आमच्या घरात पहिल्यांदा ह्यांच्यासाठी वापरले गेले. मी केलं तेव्हा त्याला थेरं म्हणत.

पण खरी गंमत तर पुढेच आहे. नाचणीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली तर गोड लागते. गार झाली की चामडं. म्हणजे सात वाजता हे बसणार, सासूबाई बसणार, वैदेही बसणार, आणि मी गॅसशी. एक भाकरी ह्यांना, एक सासूबाईंना, पुन्हा ह्यांना अर्धी. सगळ्यांचं आटोपून माझं ताट यायला आठ-साडेआठ वाजत. तोवर समोर काय असायचं? तर ह्यांनी बाजूला सारलेली दुधीची भाजी, वैदेहीची अर्धी भाकरी. त्याच्या सोबतीला माझी भाकरी नव्याने कोण थापणार? थकलेली बाई हाताला लागेल ते खाते. सारं घर माझ्या नियमाने चालू लागलं आणि त्या नियमातून तेवढी मीच बाहेर पडले. पहाटेचं चालणंही सुटलं, कारण ह्यांचा मेथीचा काढा आणि डबा त्याच वेळेला. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, जेवता किती वाजता? मी खोटं सांगितलं नाही. पायांना मुंग्या येतात, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या भाकऱ्या आधीच भाजून फडक्यात गुंडाळून ठेवल्या. सात वाजता चार पानं घेतली आणि चौथ्या पानावर मी बसले. कुणाला काही कळेना. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, त्याला गार भाकरी?' हे म्हणाले, 'एक गरम टाक ना.' आवाज चढलेला नव्हता. पाणी मागावं तसं सहज म्हणाले. मी भाजी कालवली आणि पहिला घास घेतला. ओटा माझ्या पाठीशी होता, त्याच्याकडे मी वळून पाहिलं नाही. ह्यांनी दीड भाकरी चावली, अर्धी ताटात ठेवली आणि हात धुवायला उठले.

ती अर्धी भाकरी सासूबाईंनी उचलली. मुद्दाम नव्हे, रागानेही नव्हे. हात आपोआपच माझ्या ताटाकडे वळला त्यांचा. मी पंगतीत धरतात तसा ताटावर आडवा हात धरला. भाकरी घेतलेला त्यांचा हात माझ्या हातावर अधांतरी थांबला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि ती अर्धी भाकरी आमटीत बुडवून स्वतःच खाऊ लागल्या, खाली मान घालून, भराभर, चव न घेता. ओट्याशी उभी राहून मी खात असे अगदी तशी. मी सून होऊन येण्याआधी ह्या घरातलं उरलेलं कोण संपवत होतं, हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. त्यांचं पोट भरलं होतं, हे मला दिसत होतं. पण आडवा धरलेला हात मी काढला नाही.