झोपलेल्याला हसताना

आमच्या घरात कुणी घसरून पडलं तर आधी सगळे हसतात आणि मग उचलायला धावतात. माहेरी करकंबला हीच पद्धत होती आणि सासरी सोलापुरातही तीच निघाली. त्यामुळं झोपेत पाय झाडणाऱ्या कुत्र्याला हसू नये, असं लेकीनं पुण्याहून फोनवर सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अगं बाई, आता हसायलासुद्धा परवानगी काढायची का? आणि त्या कुत्र्याला कुठं कळतंय कोण हसलं ते?

ती म्हणाली, "आई, त्याला खरंच त्रास होत असेल तर?"

मी म्हटलं, "त्रास मला होतोय, तुझ्या प्रश्नांचा." आणि फोन ठेवला. राग माझ्या नाकावरच असतो, हे तिलाही ठाऊक आहे. पण नंतर भांडी घासताना तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

हा कुत्रा आमच्याकडं आला तेव्हा मुठीएवढा होता. घरामागं आमचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांब खोली आणि त्यात चार माग, टॉवेल विणायचे. आमच्या पूर्व भागात गल्लीगल्लीत असेच कारखाने. पिल्लू कुठूनसं आत शिरलं आणि मागाखाली तुटक्या सुताचा ढीग असतो, त्यात जाऊन झोपलं. बाहेरचा माणूस त्या खोलीत आला की कानांवर हात ठेवतो, इतका तो आवाज. आणि हा आपला पोट वर करून, चारी पाय पसरून गाढ. आमचे हे म्हणायचे, जन्मानंच विणकर आलाय.

मला मात्र त्या आवाजाशी जमवून घ्यायला फार दिवस लागले होते. करकंबला आमचं घर रानात. रात्री विहिरीवरची मोटर सोडली तर काही ऐकू यायचं नाही. लग्न होऊन आले आणि इथं अहोरात्र खटखट. मी कानात कापसाचे बोळे घालून झोपायचे. सासूबाईंनी ते पाहिलं आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं. पोट धरधरून हसल्या सगळ्या. मला असा संताप आला होता की काय सांगू. पुढं सवय झाली, बोळे सुटले, पण तो आवाज मला आवडला असं कधीच झालं नाही.

गेल्या वर्षी माग विकले. कामगार मिळेनात, माल उठेना, यांचंही वय झालं. टेम्पो आला, चारही माग उचलून घेऊन गेला. यांनी रिकामी खोली स्वतः झाडली, पाणी मारलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडं दिली. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, पण खरं सांगते, माझ्यासाठी बरं वाटलं. कुकरच्या शिट्ट्या मोजता येऊ लागल्या. लेकीशी फोनवर ओरडून बोलावं लागेना. वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी या घरात शांतता आली.

त्यानंतर कुत्र्याचं ते सुरू झालं. दुपारी सोप्यात झोपायचा आणि थोड्या वेळात पाय झाडायला लागायचा. मग बारीक आवाजात कुईकुई. मग एकदम दचकून उठायचा, दोन पावलं पळायचा आणि भिंतीवर आपटायचा. आपटला की आमच्याकडं असा बघायचा, जणू भिंत आम्हीच मध्ये आणून ठेवली. हसू येणार नाही तर काय होईल? माझे वडील असते तर म्हणाले असते, सशामागं लागलंय. लेक तेव्हा सुट्टीला आली होती; हसू नये हे तिला पुण्याला परत गेल्यावर सुचलं. तिनं मोबाईलवर शूटिंग केलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. दिवसभर हसरे चेहरे येत होते. सगळ्यांत जास्त हसले ते आमचे हे. म्हणाले, "रात्रपाळी करून आलाय, झोपेत पण काम करतोय."

दोन दिवसांनी हे जेवण करून खुर्चीत बसले होते. बसल्या बसल्या डोळा लागला. आणि त्यांचा उजवा हात उठला, पुढं गेला, बोटांनी काहीतरी चिमटीत धरलं, ओढलं, गाठ मारली. सूत तुटलं की विणकर जोडतो, अगदी तसंच. पुन्हा हात उठला, पुन्हा गाठ. लेकीनं तेही शूटिंग केलं, कुत्र्याच्या शेजारी लावलं आणि खाली लिहिलं, "बाबा आणि बंधू." पुन्हा तेच, दिवसभर हसरे चेहरे. नागपूरच्या नणंदेनं फोन करून सांगितलं की हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. यांनी पाहिलं, तेही हसले. म्हणाले, "बघू बघू, गाठ नीट बसली का?"

मीही हसले. का नाही हसणार? पण त्या दिवसापासून हे आमच्यासमोर आडवे झाले नाहीत.

हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ गेला. दुपारी पडा म्हटलं की म्हणायचे, झोप नाही आली. खुर्चीत ताठ बसायचे. डोळे मिटायला लागले की उठून तोंडावर पाणी मारायचे. रात्रीचं तर विचारूच नका. माग गेल्यापासून त्यांना रात्री झोप नव्हतीच, हे मला माहीत होतं. दुपारची तेवढी डुलकी होती, तीही गेली. माणूस उतरला. गालफडं बसली. एके दिवशी बाजारातून येताना गाडीवर डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर चढली. नशीब, खरचटण्यावर निभावलं. मी आधी रडले आणि मग त्यांना बोल बोल बोलले. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. ती ते घेईनात. म्हणाले, "गोळी घेऊन पडलो तर काय काय करत बसेन, मलाच कळायचं नाही."

तेव्हा कळलं, गोळीची भीती नाही ही. आपण दिसू, याची आहे.

जागा माणूस हसण्याला उत्तर देऊ शकतो. सासूबाई हसल्या तेव्हा मी निदान तोंड फुगवून बसले होते, दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. झोपलेला काय करणार? त्याचा हात त्याचा नसतो, तोंड त्याचं नसतं. कुत्रा उठतो आणि विसरतो, हे आपण म्हणतो, खरं खोटं त्याचं त्यालाच ठाऊक. पण माणूस उठतो आणि मोबाईलमध्ये स्वतःला बघतो. तरी पण हसूच नये, हेही मला पटेना. ज्या घरात कुणी कुणाला हसत नाही, त्या घरात जेवायला बसले तर माझा घास उतरत नाही. मी मनातल्या मनात लेकीशी भांडत राहिले, आणि दोन्ही बाजूंनी मीच हरत होते.

मग मी कंबर कसली. म्हटलं, या दोघांच्या झोपेचं काहीतरी करायचंच. कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासलं, कान, डोळे, पोट. म्हणाले, तब्येत चांगली आहे. घरात काही बदल झालाय का?

मी म्हटलं, "नाही हो. उलट आता घर एकदम शांत आहे."

घरी येऊन मी ते आणखी शांत केलं. घरातली मागल्या बाजूची खोली रिकामी केली. शेजारच्या गल्लीत एक कारखाना अजून चालतो, त्याची खटखट खिडकीतून यायची. खिडकीला आमच्याच सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्या. दुपारी मिक्सर लावायचा नाही, टीव्ही बंद, दाराला सुतळी गुंडाळली म्हणजे आपटायला नको. करकंबची झोप मी त्या खोलीत आणून ठेवली. कुत्रा आत गेला, कान टवकारून बसला आणि दार खरवडायला लागला. यांनी दारातूनच खोली पाहिली. म्हणाले, "छान केलंस." आणि चप्पल घालून बाहेर पडले. "जरा चौकात जाऊन येतो."

मग ते रोजचंच झालं. जेवण झालं की चौकात. यायचे ते ऊन उतरल्यावर. मी म्हटलं जाऊ दे, चारचौघांत मन रमत असेल. आणि हळूहळू कुत्राही दुपारचा गायब व्हायला लागला. असल्या उन्हात, जेव्हा डांबर पायाला चिकटतं, तेव्हा हा जातो तरी कुठं? एक दिवस मी डोक्यावर पदर घेतला आणि त्याच्या मागं निघाले. तो माझ्याकडं एकदाही न बघता शेजारच्या गल्लीत वळला आणि त्या चालू कारखान्याच्या दारातून आत गेला.

जेवणाची सुट्टी होती. चार कामगार जमिनीवर डबे उघडून बसले होते, कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. मला बघून त्यातला वयस्कर होता तो हसत म्हणाला, "या वैनी. दोन्ही पाहुणे हितंच हायत."

टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर आमचे हे झोपले होते. उताणे, तोंड उघडं, एक पाय खाली लोंबत. खाली सुताच्या ढिगात कुत्रा जाऊन पडला आणि बघता बघता झोपला. पाय झाडणं नाही, कुईकुई नाही.

"रोज येतात," तो म्हणाला. "घोरतात तर असं लई भारी, आमचा माग मागं पडतोय." बाकीचे फिसफिस हसले. "आन हात बघा की आता, गाठी मारत्यात."

माझं टाळकं सरकलं. घरचे हसले म्हणून हा माणूस घर सोडून इथं आला, आणि इथंही तेच. मी म्हटलं, "हसायला काय झालं? थकलेला माणूस आहे तो."

मग त्यांच्यातला एक जण घास तसाच हातात धरून म्हणाला, "वैनी, हसतोय व्हय, खरं हाय. पण माग बंद केला की दादा उठून बसतात. म्हणून एक चालू ठेवतो."

मी बघितलं. सुट्टीत सगळे माग बंद असतात, तोच नियम. इथं सगळे बंद होते, एक सोडून. गठ्ठ्यांजवळचा तो एकच खटखट करत होता, आणि त्याच्यापाशी पाचवा कामगार उभा होता. त्याचा डबा अजून उघडलाच नव्हता. ते पाळीपाळीनं जेवत होते. माझ्या त्या चादरी टांगलेल्या खोलीची मला इतकी लाज वाटली. ज्याला त्या माणसाची झोप कशात आहे हे कळलं, तो हसला तर काय बिघडलं?

मी त्या उभ्या कामगाराला म्हटलं, "तुमी जेवून घ्या. मी बघते."

"जमंल का?"

"विणकराच्याच घरात नांदले की मी."

पदर खोचला आणि मागापाशी उभी राहिले. धोटा इकडून तिकडं धावत होता, त्यातली सुताची कांडी संपत आली की माग थांबवून दुसरी घालायची, एवढंच काम. कधीकाळी हे मी रोज केलं होतं. उभी राहून यांच्याकडं बघत होते. त्यांचा हात उठला, चिमटीत सूत धरलं, गाठ मारली, आणि मग बोट उलटं करून गाठ बसली का ते तपासलंही. मला फिस्सकन हसू आलं. इतकं आलं की डोळे भरले, आणि त्या नादात कांडी संपली. माग थांबला.

त्या शांततेत यांनी डोळे उघडले. समोर मी, हसत उभी. तोंड फिरवायलाही वेळ मिळाला नाही. वाटलं, संपलं, आता हे उठतील, चप्पल घालतील आणि यापुढं इथंही येणार नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं, बंद मागाकडं बघितलं.

"हसतीस काय," ते म्हणाले, "आधी कांडी बदल."

सवय गेलेली, सूत दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा कांडी बसली, मी माग सुरू केला आणि वळून बघितलं, तर ते झोपले होते.