नाडी एकशे अठ्ठावीस

एएनएमचा, म्हणजे नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स करून मी कराडच्या एका खासगी दवाखान्यात लागले, तेव्हा आमच्या घरी माझ्या पुढच्या शिक्षणावरून रोज भांडण असायचं. वडील, म्हणजे आबा, फौजेतून निवृत्त होऊन उंब्रजजवळ ऊस करत होते. त्यांचं म्हणणं एकच, आरोग्य उपकेंद्राची सरकारी भरती निघेल तिथं चिकटायचं. मला सांगलीला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा पुढचा डिप्लोमा, करायचा होता. बारावी आर्ट्सची, त्यामुळे बीएससी नर्सिंगला थेट जाता येत नव्हतं. "आनि तीन वर्सं शिकून परत नर्सच की," आई म्हणायची.

एका सकाळी उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागलेला तिशीतला माणूस आला. स्वतःच्या पायांनी चालत आला. पोटाच्या डाव्या बाजूला खरचटलं होतं. डॉक्टर म्हणाले, मुका मार आहे, सलाईन लाव आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी लिही. माणूस चहा मागत होता. मी लिहीत गेले. नाडी शहाण्णव, मग एकशे दहा, मग एकशे अठ्ठावीस. बीपी उतरत होतं. मी जाऊन सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, "दुखत असेल. लिहून ठेव." मी परत येऊन लिहून ठेवलं. अक्षर माझं चांगलं होतं.

अडीचच्या सुमाराला तो गेला.

नातेवाईक बाहेरच होते. दहा मिनिटांत वॉर्डात तीस-चाळीस माणसं घुसली. औषधांचं कपाट आडवं झालं, ऑक्सिजनचं सिलिंडर जिन्यावरून गडगडत खाली गेलं. डॉक्टरांनी केबिनला आतून कडी घातली. मग उरले मी. मेलेल्या माणसाच्या भावानं माझी वेणी धरून मला खाटेवर आपटलं.

"तूच बसलीवतीस न्हवं त्याच्यापाशी? काय करत हुतीस?"

सलाईनचा स्टँड खांद्यावर बसला. दुसरा फटका तोंडावर. दात तुटल्याचं जिभेला कळलं. कुणीतरी ओरडत होतं, "बाई हाय रं, सोड तिला!" त्यानं मला सोडलं आणि तीच मूठ केबिनच्या काचेवर मारली. काच फुटली, मनगट चिरलं, आणि रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली.

सगळे मागं सरकले. मी उठले. गॉज सापडेना, म्हणून उशीचा अभ्रा काढला आणि त्याच्या मनगटावर दाबून धरला.

"सोड. मला बी मरू दे," तो म्हणाला.

"हात वर धरा," मी म्हणाले. माझ्या तोंडातलं रक्त त्याच्या शर्टावर पडत होतं. "आणखी वर."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. तेवढ्यात मेलेल्या माणसाची बायको माझ्यापाशी आली. तिनं हात उगारला नाही. फक्त विचारलं, "आवं सिस्टर, चा मागत हुतं की. मग झालं काय त्यास्नी?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. पोटात प्लीहा फुटली होती आणि आतल्या आत रक्त जात होतं, हे शवविच्छेदनानंतर कळलं. तीन तास ते आकडे मला ओरडून तेच सांगत होते.

घरी माझं तोंड बघून आबांनी कोयता उचलला. "कुठला हाय त्यो? गाव सांग त्याचं." मी दारात आडवी उभी राहिले. ते मला ढकलू लागले, तसं मीही त्यांना ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, "आबा, माणूस माझ्यासमोर मेला आणि मला कळलं न्हाई. मार बसला त्याचं न्हाई मला काय. मला शिकायचंय." त्यांनी कोयता भिंतीवर फेकला, माझ्या थोबाडीत मारली, आणि आधीच सुजलेल्या गालावर आपला हात बसलेला बघून स्वतःच मटकन खाली बसले. पाचव्या दिवशी सांगलीच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते.

पोलिसांना मी खरं तेच सांगितलं, आकडे, वेळा आणि डॉक्टर काय म्हणाले ते. माझी नोकरी गेली. मेलेल्या माणसाच्या भावावरची तक्रार मी पुढं नेली नाही. त्याबद्दल आबा अजून मला शिव्या देतात.

जीएनएम केलं, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी. आता सांगलीतच अतिदक्षता विभागात आहे. मागच्या महिन्यात एका पेशंटची नाडी अशीच चढत होती आणि पोट कडक होत चाललं होतं. सर्जनला मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा ते माझ्यावर गरजले, "तू मला शिकवणार?" मी म्हणाले, "सर, ओरडायचं ते इथं येऊन ओरडा." ते आले. आले ते ओरडतच, पण पोटावर हात ठेवला आणि लगेच पेशंटला ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं.