जांभळ्या टॉर्चवाली

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ती आमच्या समोरच्या दारात राहते. लॅबमध्ये ती प्लास्टिकसारख्या पातळ पट्ट्या बनवते. जांभळ्या टॉर्चखाली त्या हिरव्या चमकतात, आणि पाण्यात शिसं असलं की विझतात. पट्ट्या आणि टॉर्च कायम तिच्या पर्समध्ये असतात. कुणाकडेही पाणी पिण्याआधी ती ग्लासात पट्टी बुडवते, त्यामुळे निम्म्या बिल्डिंगला ती शिष्ट वाटते. बोलणंही तसंच. आज थंडी जास्त आहे ना, म्हटलं तर विचारते, "कालपेक्षा? बघावं लागेल, यार." खात्री केल्याशिवाय ती काहीच बोलत नाही.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवात वरच्या काकूंनी तिला कुंकू लावलं. घरी येऊन तिने माझ्यासमोरच ते कपाळावरून पुसून व्हिनेगरच्या पाण्यात कालवून पट्टी बुडवली. पट्टी पार विझली.

"काकूंना सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? आयुष्यभर त्यांनी सगळ्यांच्या पोरींना हेच लावलंय."

दुसऱ्या दिवशी तिने बाजारातून चार प्रकारचं कुंकू आणून तपासलं. ज्यात पट्टी चमकत राहिली, ते डबीत भरून ती मला घेऊन वर गेली.

"काकू, आईने घरचं कुंकू पाठवलंय. हे तुम्ही ठेवा, तुमचं मला द्या."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली आहेत.

काकूंनी खुशीत आपली डबी तिच्या हातात दिली. "आईला माझा नमस्कार सांग हो."

"बिल्कुल सांगते," ती म्हणाली.