तिला चालत नाही

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही. ते गेले तेव्हा वाटलं होतं, आता तरी कुणाजवळ बोलावं — पण कुणाजवळ? मुलींना कुठल्या तोंडाने सांगणार? तुम्ही माझे कोण, मला ठाऊक नाही. म्हणूनच कदाचित जीभ उचलतेय.

दुकानापासून सुरुवात करते. ते सोपं आहे.

सोलापुरात बाळीवेशीजवळ अण्णांचं दुकान होतं, मी तिथे कामाला. बांगड्या, रिबिनी, फण्या, कुंकवाचे करंडे — असलं बायकांचं सामान. दुकान एवढंसं, पण रस्त्याच्या अंगाला काचेची एक शोकेस होती आणि त्या शोकेसमध्ये अण्णांचा जीव अडकलेला. सण बदलला की शोकेस बदलायची. ते काम माझं. गणपतीत रंगीत कागदाचं मखर, दिवाळीत वीतभर उंचीचे आकाशकंदील, पाडव्याला साखरेच्या गाठी घातलेल्या बोटाएवढ्या गुढ्या. नवरा गिरणीत आणि मुली शाळेत गेल्या की मी खळ शिजवायची, ताव कापायला बसायची. माणसं काचेपुढे थांबली की मी आत कपाटाआड उभी राहून त्यांची तोंडं बघायची. सहा वर्षं. दुसरं काय होतं माझ्याकडे, लोकांनी थांबून बघावं असं?

हे कारण म्हणून सांगत नाही. तसं समजू नका.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात महादेवी दुकानात काम मागायला आली. अक्कलकोटची. नवरा साप चावून गेलेला, पदरी सात वर्षांची मुलगी. दिराच्या घरात राबराब राबून कंटाळली आणि मुलीला शाळेत घालायचं म्हणून सोलापुरात एक खोली घेऊन राहिली. तिच्या मोकळ्या कपाळाकडे एकदा बघून अण्णा म्हणाले होते, "हातात कला हाय. कपाळाचं काय करायचं आपल्याला? पण बाई, बाहेर बोलू नका. गिऱ्हाईक बायका हायत, सणाचं सामान हाय. कळतंय की तुमाला."

कळत होतं. म्हणून ती घरी काम करायची आणि मागच्या दाराने आणून द्यायची. ती विधवा आहे हे दुकानात आम्हा तिघांना ठाऊक — अण्णा, मी आणि सकाळी झाडायला येणाऱ्या शांताबाई.

मला ती अक्का म्हणायची. खोली मीच मिळवून दिली होती तिला. मुलीचं नाव शाळेत घालायलाही मीच बरोबर गेले होते. हे सांगतेय ते चांगुलपणा मिरवायला नाही — उलट आहे. एवढं सगळं केलेल्या बाईने पुढचं केलं, म्हणून सांगतेय.

मार्गशीर्षात तिने हलवा करायला घेतला. तुम्ही कधी केलाय? शेगडीवर परात, मंद आच, परातीत तीळ आणि वरून साखरेचा पाक — थेंब थेंब. बोटांनी सारखं हलवत राहायचं, बोटं भाजतात तरी थांबायचं नाही. दिवसचे दिवस. मग थंडीत त्या दाण्यावर काटे फुटतात. माझ्या हलव्याला काटा कधी आलाच नाही. गुळगुळीत, शेंगदाण्यासारखा. महादेवीचा हलवा हातावर घेतला की टोचायचा. त्याचे तिने दागिने केले — हार, बाजूबंद, बिंदी, पाटल्या, वाट्यांच्या जागी सोनेरी बेगड लावलेलं मंगळसूत्र. बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरीसुद्धा.

अण्णांनी ते टेबलावर मांडून बघितले. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "बाई, यंदाची संक्रांत हिला करू द्या. तुमी नुसती काच पुसून घ्या की."

हसत म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. मीही हसले. तिला पुढे येता येत नव्हतं, म्हणून मांडलं मीच — ती मागच्या खोलीतून सांगायची, मी तसं ठेवायची. काळी चंद्रकळा पसरून तिच्यावर पांढरे दागिने, बाजूला सुगडं, ऊस, बोरं, वर दोन पतंग. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा लागत होती, खेड्यापाड्यातून माणूस येत होतं, आणि काचेपुढे अशी गर्दी कधी झाली नव्हती. मी कपाटाआडून तोंडं बघत होते. ती तोंडं माझ्यासाठी नव्हती.

तेव्हापासून घास उतरेना. आज संक्रांत हातातून गेली, उद्या पाडवा जाईल. मग गणपती. मग अण्णा म्हणतील, बाई, आता तुम्ही घरीच बसा. असं ते म्हणाले असते का? नसते. आज कळतं. तेव्हाही कळत असावं.

गोल गोल फिरतेय मी. सांगते.

भोगीच्या आदल्या दिवशी वकिलीणबाई आल्या. मोठं घर, शब्दाला वजन. सुनेची पहिली संक्रांत, म्हणून त्यांनी दागिन्यांचा अख्खा साज आधीच नेला होता आणि त्यांचं बघून आणखी पाच-सहा घरांनी नेला होता. त्या हरखून गेल्या होत्या. अण्णा जत्रेच्या बाजूला गेलेले, दुकानात मी एकटी. त्या म्हणाल्या, "कुणाचा हात आहे हो हा? माझ्याकडे हळदीकुंकवाला घेऊन या तिला. मी स्वतः ओटी भरणार तिची."

काय काय म्हणता आलं असतं मला? ती गावाला गेलीय. तिला बरं नाही. मीच केलेत म्हटलं असतं तरी ते पाप लहान झालं असतं. तोंडाशी आलंही होतं — सांगते तिला, म्हणून.

मी म्हणाले, "तिला चालत नाही हो."

एवढंच. आवाज हळू, मान खाली — जणू मलाच वाईट वाटतंय. वकिलीणबाईंचा हात काचेवर होता, तो त्यांनी काढून घेतला. "म्हणजे?" म्हणाल्या. मी पुढे बोलले नाही. बोलायची गरज नव्हती, आणि गरज नाही हे मला नीट माहीत होतं. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की विचारलं म्हणून सांगितलं, खोटं तर नव्हतं. खोटं नव्हतंच. पण मी ते निवडून सांगितलं. त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं — आता शोकेस मला परत मिळेल.

भोगीच्या सकाळी दागिन्यांचे डबे परत यायला लागले. पहिला वकिलीणबाईंचा, गड्याच्या हातून. निरोप नाही, काही नाही. मग एकेक. एका बाईने तर डबा हातात दिला नाही, पायरीवर ठेवला. अण्णा घामाघूम झाले. सणाच्या तोंडावर दुकानाचं नाव गेलं. शटर अर्धं ओढून त्यांनी विचारलं, "कुनी सांगितलं?"

मला वाटलं — आता वकिलीणबाईंचं नाव निघेल, मग काल दुकानात कोण होतं ते निघेल. अण्णा स्वतःच म्हणाले, "शांताबाई असंल काय? ती वकिलीणबाईंच्या आळीतच भांडी घासती."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. खाली बघत राहिले.

शांताबाईंना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या, हातात झाडू. "मी न्हाय सांगितलं, अण्णा. माज्या लेकराची शपथ." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. त्यांना मी त्यांच्या बाजूने बोलावं असं वाटत होतं. मी बांगड्यांचा एक खोका उचलला आणि आत नेऊन ठेवला. बाहेर आले तेव्हा त्या गेल्या होत्या. त्यांचं काम त्या दिवशी सुटलं.

महादेवी दुपारी आली, मागच्याच दाराने. परत आलेले डबे बघितले. रडली नाही. शोकेस तिने स्वतः रिकामी केली — त्या दिवशी पहिल्यांदाच ती पुढे आली, लोक बघत असताना. मी एकेक दागिना तिच्या हातून घेऊन परातीत ठेवत होते. ती म्हणाली, "अक्का, तुम्ही हाय म्हणून उभी हाय मी हितं."

आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ठेवला मी.

संध्याकाळपर्यंत शोकेस मी परत सजवली. घरी पडलेला माझा गुळगुळीत हलवा, माझे कागदाचे पतंग. अण्णा म्हणाले, "तुमी हायसा म्हणून निभावलं." घरी गेले, मुलींना तिळाची भाकरी वाढली आणि मोरीत जाऊन ओकले.

महादेवीला दुसरीकडे काम मिळालं नाही. सणावाराच्या कामाला तिला आता कोण बोलावणार होतं? माघ सरायच्या आत ती मुलीला घेऊन दिराकडे परत गेली. शाळेतून मुलीचा दाखला काढायलाही मीच बरोबर होते.

पुढे पाच वर्षांनी मी अक्कलकोटला गेले. घरी सांगितलं, स्वामींच्या दर्शनाला. मठात गेलेही, पण हात जोडता आले नाहीत. वाटेत एकच वाक्य घोकत होते — महादेवी, मी सांगितलं होतं. एवढं म्हणायचं आणि उठायचं. दिराचं घर शोधून काढलं. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मला बघून सूप टाकून धावत आली. "अक्का!" आत कुणाला तरी कानडीतून चहा टाकायला सांगितलं. मुलीचं विचारलं तर म्हणाली, चौथीनंतर शाळा राहिली. औंदा लग्न करायचं म्हणतायत. बारा-तेरा वर्षांची होती पोर.

मी तोंड उघडलं. तीच आधी बोलली. "अक्का, एक काम करशीला? शांताबाईला सांगा, माझ्या मनात काय न्हाय. गरिबाच्या तोंडून गेला असंल एखादा शब्द. लई दिवस शिव्या दिल्या मी तिला मनात. आता न्हाय. तेवढं सांगा तिला."

मी म्हणाले, सांगते. चहा प्यायले. तिने बांधून दिलेल्या शेंगा घेतल्या आणि दुपारच्या गाडीने परत आले.

तो निरोप द्यायचा म्हणजे शांताबाईंपुढे उभं राहायचं. माफी मिळाली म्हणून त्यांना सांगायचं — कशाची? ती बाई माझ्याकडे बघणार आणि या वेळी मी हातात खोका कुठला घेणार?

शांताबाई त्यानंतर अकरा वर्षं होत्या. कोपऱ्यावरच्या नळाला दिसायच्या. त्या दिसल्या की मी घागर घेऊन मागे फिरायची, आणि मुलींना म्हणायची, आज पाणी नाही आलं. निरोप मी दिला नाही.