गुंजनचा एकुलता एक विद्यार्थी

गेल्या रविवारी योगेशकडे पंखा बसवायला गेलो होतो. गिरणा टाकी भागात आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतो तो. पंखा मीच रिवाइंड केलेला, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळलेली, त्यामुळे बसवायलाही मीच... दुसऱ्याने बसवला की हमखास डुगडुगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आणि दर रविवारी सकाळी त्याच दुकानात मी आसपासच्या बिल्डिंगमधल्या छोट्या मुलांना इंग्रजी शिकवतो. फी नाही, पुस्तक नाही. दहावीनंतर मी स्वतः इंग्रजी शिकलो ते मोटारींच्या मॅन्युअलमधून आणि रेडिओवरच्या कॉमेंट्रीतून. त्यामुळे माझी पद्धतही तशीच, हातात वस्तू आणि तोंडात वाक्य. 'गिव्ह मी द ब्लू वायर', 'पुट द बिग नट इन द बॉक्स'...

उच्चाराच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. 'व्हेरी' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना टेकलाच पाहिजे. 'लुक ॲट माय लिप' म्हणून मी स्वतः करून दाखवतो. तिथे तडजोड नाही.

योगेशची गुंजन, वय साडेपाच, जूनपासून माझ्याकडे येते. निळी वायर माग, निळीच आणते. मोठा नट माग, मोठाच देते. पण तोंडातून एक शब्द नाही... ना माझ्यासमोर, ना शाळेत.

शाळा इंग्रजी माध्यमाची. त्यांनी पालकांना बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंत मुलगी बोलायला लागली नाही तर पुढच्या वर्षी याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल. वर एक सल्ला, घरीही इंग्रजीच बोला. योगेशने तो सल्ला असा काही मनावर घेतला की विचारू नका...

घरात इंग्रजी सुरू झालं. कसलं इंग्रजी? 'गुंजन, कम.' 'गुंजन, ईट.' 'गुंजन, स्लीप.' नुसते हुकूम! गप्पा मारायला त्या घरात कुठली भाषाच उरली नाही.

सगळ्यात मोठी पंचाईत आबांची. योगेशचे वडील, मूळचे धुळ्याकडचे, साक्री तालुक्यातले. त्यांना एकच भाषा येते, अहिराणी, आणि नात बिघडेल म्हणून नेमकी तीच बंद. आबा दिवसभर खाली पार्किंगमध्ये बसायचे. मला एकदा म्हणाले, "भाऊ, या घरमा आते मन्ही बोलीले बंदी शे. पोर काही इचारस, तं मी नुसती मुंडी हालावस."

मी योगेशला तेव्हाच म्हटलं होतं, "तिला सगळं समजतंय, थांब जरा." तर म्हणाला, "भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण वर्ष माझ्या पोरीचं जाईल ना..."

तर रविवारी मी हॉलमध्ये स्टुलावर उभा. योगेश बाजारात गेलेला, त्याची बायकोही बाहेर. आबा आणि गुंजन मागच्या गॅलरीत, दार अर्धं लोटलेलं. मी वर आहे हे बहुतेक दोघंही विसरले असावेत.

आणि गॅलरीतून आवाज आला, "आबा, सिट डाऊन! नो टॉकिंग!"

मी पान्यासकट गारच पडलो...

"बठेल तं शे मी!" आबा.

"नो टॉकिंग! नाऊ से... व्हेरी गुड."

"बेरी गूड."

"नॉट बेरी! लुक ॲट माय लिप!" आणि मग आबांच्या लक्षात येईना म्हणून चक्क अहिराणीत, "आबा, खालना ओठ वरना दातले लाव ना!"

"दात कोठे शेतस माले? तुन्हा दे ना दोन!"

दोघंही खो खो हसत सुटले. माझं वाक्य, माझा ओठ, माझा 'व्ही'. चार महिने तोंड न उघडता पोरीने सगळं जसंच्या तसं भरून ठेवलं होतं!

तेवढ्यात योगेश भाजीची पिशवी घेऊन दारात. त्यानेही ऐकलं. त्याचा हात लगेच मोबाईलकडे गेला, व्हिडिओ काढायला. मी खाली उतरून तो हात धरला. "आत्ता नको. बघतोयस हे कळलं की गप्प बसेल."

त्याला एका बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. आपल्या सगळ्यांसमोर तिला चुकायची भीती वाटते. आबांना तिच्यापेक्षा कमी येतं, म्हणून तिथे ती मॅडम आहे. आणि मॅडमला शिकवायला लागते ती अहिराणी... तीच तू बंद केलीस.

योगेशने पिशवी ठेवली, गॅलरीच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "आबा, च्या पिशात का?"

आबांनी आधी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बंदी उठनी का रे?"

सोमवारी योगेश शाळेत जाऊन मिसना हे सगळं सांगून आला. मिसही समजूतदार निघाल्या. वर्गातली दोन लाजरी मुलं त्यांनी गुंजनच्या हाताखाली दिली, 'यांना तू शिकव' म्हणून. पहिले दोन दिवस पुटपुटली. शुक्रवारी मिसचाच योगेशला फोन आला की आज तिने अख्ख्या बाकाला दम दिला, आणि पुन्हा त्याच वर्गात बसवायचा विषय आता संपला.

आज रविवार. आबासुद्धा दुकानात आले होते, नातीच्या शेजारी मांडी घालून बसले. 'व्हेरी' काही त्यांना जमत नाही, वरचे पुढचे दात नाहीत...

मी 'बेरी' चालवून घेतलं. तेवढं देणं लागतोच मी त्यांचं.