आईच्या नावावरचं मत

"ह्याच्या आईचे डोळे म्हंजी हा. अन ह्याचे डोळे म्हंजी मी."

आप्पा शाळेच्या ऑफिसात बोलले. आप्पा आमच्या संस्थेचे अध्यक्ष, मी त्यांच्या शाळेत शिपाई. हातात चहाचा ट्रे होता. सहा-सात मास्तर बसलेले. सगळे हसले. मीही हसलो.

ग्रामपंचायतीची निवडणूक होती. आप्पांची सून सरपंचपदाला उभी. तिच्यासमोर आमच्या वस्तीतली एक बाई, ऊसतोडीला जाणारी. आईनं तिच्यासोबत बरीच वर्षं फडात काढलेली. आईची नजर जायला लागली तेव्हा मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढताना हीच बाई मागून सांगायची, "काकू, अजून एक पाऊल." पुढं आईला काहीच दिसेना. पण मत त्या बाईलाच द्यायचं, हे तिचं ठरलेलं. आप्पांना ते ठाऊक होतं.

माझ्या नोकरीची मान्यता अडकली होती. अकरा वर्षं बिनपगारी घंटा वाजवत होतो. बायको दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, त्यावर घर. फाईल आप्पांच्या कपाटात.

मतदानाच्या दिवशी आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. वडवणीच्या बाजारातून आणलेलं, एकदाच नेसलेलं. वाटेत तिनं त्या बाईच्या चिन्हाचं तीनदा विचारलं, कपबशी कितवी हाय रं? तिसरी, मी सांगितलं. तिसरीच होती. पहिलं बटण आप्पांच्या सुनेचं.

मतदान आमच्याच शाळेत, पाचवीच्या वर्गात. न दिसणाऱ्या मतदाराला सोबती नेता येतो. साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं की बटण मतदाराच्या सांगण्याप्रमाणंच दाबीन आणि बाहेर कुणाला सांगणार नाही. सही केली. पुठ्ठ्याच्या आडोशाला आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तिसरं," ती हळूच म्हणाली.

मी पहिलं दाबलं.

मशीन वाजलं. आई म्हणाली, "झालं."

फाटकाबाहेर आप्पा उभे होते. म्हातारे, दिलं का मत, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "दिलं की. माझ्या लेकानं घातलं." आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मला कुणी मारलं नव्हतं, कोंडलं नव्हतं. मान मीच हलवली.

ती बाई पडली. आमच्या बूथवर तिला एकतीस मतं. निकालानंतर ती आईला भेटायला आली. आईनं चाचपून तिचा हात धरला आणि म्हणाली, "लई न्हाईत, पर एकतीस हायेत. त्यातलं एक माझं."

मी माठातलं पाणी तांब्यात ओतत होतो. तिथंच बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोललो. पुढं आई येईल त्याला हे सांगायची. मी उठून बाहेर जायचो. गेल्या साली आई गेली. जाईपर्यंत तिला मी सांगितलं नाही.

मान्यता अजून आलेली नाही. आली असती तर हे लिहिलं असतं का? छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आता पुन्हा निवडणूक आली. ऑफिसात आप्पा मतदारयादी चाळत होते. तेच मास्तर, तोच चहा. मला बोलावलं.

"तुझ्या म्हातारीचं नाव हाय बे अजून. राहू दे. आपली एक बाई जाईल तिच्या नावावर. तू निस्ता गप बस. गप बसायचं तर येतंय ना तुला?"

मास्तर हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन यादीचं काम बघणाऱ्या मास्तरांकडं गेलो. नाव कमी करायचा अर्ज मागितला. त्यांनी दाराकडं बघितलं. आप्पांला विचारलंस का, म्हणाले.

"आई माझी मेली. आप्पांला कावून विचारू?"

अर्जावर आईचं नाव लिहिलं. कारण लिहिलं, मृत्यू. अक्षर वाकडं आलं. ती जिवंत असताना तिचं मत मला राखता आलं नाही. आता तिच्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं, तिचं नाव खोडणं. पोच घेतली आणि शाळेमागं जाऊन रडलो.

संध्याकाळच्या आत आप्पांना कळलं. त्यांनी सगळ्यांसमोर उभं केलं. मी म्हणालो, मागल्या बारीला आईनं तिसरं सांगितलं होतं. मी पहिलं दाबलं. तुमच्यासाठी. कुणी हसलं नाही.

"जेलात जाशील," आप्पा म्हणाले.

"जाईन."

 

मशीनवरची बटणं बोटांनी चाचपून वरून मोजता येतात. ज्याला मोजता येतात त्याला सोबती लागत नाही. मागल्या निवडणुकीआधी गावात मशीन दाखवायला आणलं तेव्हा मीच बोट फिरवून बघितलं होतं. आईला शिकवलं असतं तर तिनं आपलं आपण दाबलं असतं. मला माहीत होतं. म्हणूनच शिकवलं नाही.

गावात न दिसणारी अजून चार माणसं आहेत. मागल्या वेळी त्यांनाही आप्पांचीच माणसं धरून आत घेऊन गेली. मी चौघांच्या घरी जाणार आहे. पाटीवर बाटल्यांची बुचं चिकटवून, त्यांचं बोट वरून खाली फिरवून मोजायला शिकवणार आहे. मतदानाच्या दिवशी त्यांना वर्गाच्या दारापर्यंत नेईन.

आत मी जाणार नाही.