रोख सोडून सगळं

बीच स्टेशनवर उतरून मी नेहमीप्रमाणे आमच्या गल्लीत शिरलो, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. जॉर्ज टाउनमध्ये त्या वेळी हातगाड्यांमधून अंग चोरून चालावं लागतं. तसाच घरापर्यंत आलो, तर घरमालक स्वामीनाथरावांच्या पुढच्या खोलीला, त्यांच्या दुकानाला, फळ्या लावलेल्या. समोर चिंचेचं दुकान आहे, त्याचे मालक मुरुगेसन पायरीवर उभे होते. मला पाहून ते खाली उतरले आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाले, "रायर पोयिट्टार." रायर गेले. तंजावरकडच्या मराठी माणसाला इथे रायर म्हणतात. दुपारी इस्पितळातच वारले म्हणे. मी वरच्या माझ्या खोलीत न जाता तसाच इस्पितळाकडे वळलो. महिनाअखेर होती. खिशात हात घातला आणि पहिला विचार आला तो रिक्षाला पुरेल ना, हाच... त्याची लाज मला अजून वाटते.

आठ वर्षांपूर्वी रेल्वेच्या ऑफिसात बदली होऊन मी साताऱ्याहून मद्रासला आलो. तमिळचा गंध नव्हता. कोणीतरी सांगितलं, त्या गल्लीत एक मराठी गृहस्थ तराजू दुरुस्त करतात, त्यांची वरची खोली रिकामी आहे. गेलो. उघड्या अंगाचा, कपाळाला गंध लावलेला, पन्नाशीचा एक माणूस मांडी घालून बसला होता आणि तराजूची दांडी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहत होता. मी भाडं विचारलं. त्यांनी दांडी खाली ठेवली. "इंग्रजी लिहायला येतं?" येतं म्हणालो. "मग भाडं कसाला? माझी पत्रं तुम्ही लिहा." त्यांच्या मराठीत 'कशाला'चं 'कसाला' आणि 'सगळे'चं 'अस्की' होतं. शब्द तीनशे वर्षांपूर्वीचे आणि सूर तमिळचा. पहिले काही महिने मी ते ऐकून मनात हसायचो. पुढे साताऱ्याला गेलो की घरचे मला हसायला लागले. राव मला तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

अशी बिनभाड्याची खोली मिळाली म्हणून मी खूश होतो, पण थोड्याच दिवसांत कळलं की त्यांचा सगळा संसारच असा चालतो. मिरचीवाल्याच्या तराजूचा काटा नीट केला की वर्षाची मिरची घरात. तेलवाल्याकडून खोबरेल. त्यातलं निम्मं खोबरेल पितळ ओतणाऱ्याच्या घरी जाई आणि त्याच्याकडून पारड्यांना पितळ येई. शिंपी, न्हावी, वैद्य, अस्की त्याच फेऱ्यात. कोणी कोणाकडे हिशेब मागत नसे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून हे असंच होतं. त्यांच्या पत्नी जानकीवहिनी आठवड्याला फक्त भाजी आणि रॉकेलपुरते पैसे मागत, आणि तेवढे कुठून तरी येत. मी कारकून माणूस, पगारावर जगणारा. मला वाटे, हा माणूस माझ्यापेक्षा श्रीमंत आहे.

मग शेर, पलम, मण जाऊन किलो आला. सगळ्या बाजाराला नवी वजनं लागणार होती. राव आनंदात होते. इतकं काम बापजन्मी आलं नव्हतं. पण नवी वजनं घरी ओतायची नव्हती. शिक्क्याची वजनं परवाना असलेल्या कारखान्यातून आणायची, आणि तिथे पैसे आधी मोजायचे. तपासणीची फी रोख. परवान्याची फी रोख. ते सगळे अर्ज मीच लिहिले. लिहिता लिहिता मला दिसत होतं, एका बाजूने नोटा जाणार आणि दुसऱ्या बाजूने मिरच्या येणार. मी म्हणालो, "राव, या वेळी निम्मे पैसे आधी घ्या. उरलेले हप्त्यानं चालतील, चेकनं चालतील, पण पैसेच घ्या."

"मुरुगेसनच्या बापाचा तराजू माझ्या बापानं केला, तंबी. त्याच्यापुढं रोकड मागायला तोंड कसं उघडावं?"

"उघडावं लागेल."

बऱ्याच विनवण्यांनंतर ते उठले, अंगावर पंचा टाकला आणि रस्ता ओलांडून गेले. मी वरच्या खिडकीतून पाहत होतो. मुरुगेसननी त्यांना गादीवर बसवलं, कॉफी मागवली. दोघं खूप वेळ बोलले. राव परत आले तेव्हा त्यांच्यामागे चिंचेचं पोतं खांद्यावर घेतलेला हमाल होता.

"विचारलंत?" मी म्हणालो.

"विचारणारच होतो. पण त्यानं आधी लेकीच्या लग्नाचं सांगितलं. त्याचीही ओढाताणच आहे, तंबी."

ते खरंच होतं. त्या गल्लीत कोणी लबाड नव्हतं. प्रत्येकाचा पैसा मालात अडकलेला, आणि प्रत्येक जण आपल्याकडे होतं ते देत होता. वहिनींच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या, वजनं आली, दुकानांत वाटली गेली आणि पुढची खोली पोत्यांनी भरली. राव पोतं विकायला बाहेर पडले, तर जो तो हसून म्हणे, रायर, चिंचेच्या बाजारात तुमच्याकडून चिंच कोण घेणार? कोणी घेतलीच तर निम्म्या भावाने. नोव्हेंबरच्या पावसात छत गळलं आणि उरलेल्या मालाला बुरशी धरली. बांगड्या काही परत आल्या नाहीत. पुढच्या वर्षी परवान्याची फी भरायची राहिली. पुढे अंबत्तूरला नवे कारखाने निघाले. त्यांचा एजंट सायकलवरून गल्लीत यायचा, कोरा करकरीत तराजू ठेवून जायचा आणि महिन्याच्या महिन्याला हप्ता न्यायचा. मुरुगेसननीही एक घेतला. घेतल्यावर दोन दिवस ते समोर पाहत नव्हते. रावच उठून गेले, त्या तराजूला बोट लावून पाहिलं, आणि "चांगला आहे" म्हणून आले.

त्यांना त्याच कारखान्यात मी लावलं. अर्ज माझाच. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते डबा घेऊन सकाळच्या गाडीने अंबत्तूरला जायला लागले. पहिल्या पगाराचं पाकीट त्यांनी मला दाखवलं. "पाकीट येतं, तंबी. पण ते एका खिडकीतून येतं. देणाऱ्याचं तोंड दिसत नाही." तक्रारीचा सूर नव्हता. नवल वाटत होतं, एवढंच. मला मात्र वाटलं, सुटलो एकदाचे.

वर्षभरात त्यांच्या पायावर बिडाचा ठोकळा पडला. चूक कोणाची नव्हती, त्यांच्याच हातून निसटला. साखरेचा विकार होता, जखम चिघळली. सरकारी इस्पितळात डॉक्टर भले मिळाले, खाटेचे पैसे पडत नव्हते, पण एक इंजेक्शन रोज बाहेरून आणावं लागे. गल्लीत बातमी कळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तांदळाचं पोतं, तेलाचा डबा, डाळ, धोतरजोडी... माणसं ठेवून, हात जोडून जात होती. वहिनी त्या सगळ्याकडे पाहत उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "भाऊ, हे औषधाच्या दुकानात घेतील का?"

मी खरोखर विचारलं. दुकानातला तरुण सौम्यपणे म्हणाला, "सार, कंपनीला मी तेल पाठवू का?" त्याचं काय चुकलं? माझा पगार साताऱ्याला मनीऑर्डरने जाऊन उरलेला मी घातला. मुरुगेसननी गल्ल्यातल्या नोटा आणून दिल्या. दहा दिवस निघाले. मग दोन दिवस इंजेक्शन चुकलं. त्यामुळेच गेले, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

जाण्याच्या आठवडाभर आधी खाटेवर पडून त्यांनी मला शेवटचं पत्र सांगितलं. कारखान्याकडे दोन महिन्यांचा पगार उचल म्हणून मागायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाकडे पैसे मागत होते. "नीट लिहा," म्हणाले, "भीक मागितल्यासारखं नको. काम करून फेडीन म्हणावं." सहीसाठी मी कागदाखाली पाटी धरली. मी ते पत्र नीट लिहिलं. इतकं नीट की कच्चा मसुदा करून मग पक्कं केलं, आणि त्यात एक दिवस गेला... तो दिवस माझ्या हिशेबातून जात नाही.

तेराव्याला गल्लीतल्या प्रत्येक दुकानातून काही ना काही आलं. शंभर माणसं जेवली आणि घरातून एक पैसा गेला नाही. त्यानंतर पाच दिवसांनी कारखान्याचं उत्तर आलं. रावांच्या नावाचं टंकलिखित पाकीट वहिनींनी न फोडता मला दिलं. मी उभ्याउभ्याच वाचलं आणि त्यांना मराठीत सांगितलं. उचल मंजूर झाली आहे. अर्जदाराने स्वतः येऊन सही करून रक्कम घेऊन जावी.

"म्हणजे द्यायला तयार होते?" त्यांनी विचारलं.

"हो."

 पुढच्या खोलीत ते बसत त्या जागी फरशी गुळगुळीत झाली आहे, तिकडे त्या पाहत होत्या. मग म्हणाल्या, "उत्तर लिहा, भाऊ. आलेल्या पत्राला उत्तर गेल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. तुम्हाला ठाऊकच आहे."

तीन आठवडे झाले. ऑफिसातून आलो की कागद पुढे ओढतो. 'आपल्या पत्राच्या संदर्भात' इथपर्यंत इंग्रजीत लिहून झालं आहे. पुढचं वाक्य एका ओळीचं आहे, आणि ते कसं लिहायचं हे मला माहीत आहे. वहिनी काही विचारत नाहीत. फक्त सकाळी मी जिना उतरताना माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहतात, उत्तराचं पाकीट दिसतंय का म्हणून.